पिवळे हेअरलूम टोमॅटो : परसात टिकतात का, चवीला कसे?

मंडळी, भातकापणी उरकली, परसात वाफे पडले असतील. यंदा पिवळ्या टोमॅटोबद्दल लिहूया. संकरित नव्हेत, बी धरलं तर पुढच्या वर्षी तसंच फळ देणारी जुनी वाणं. आमच्या गुहागरच्या आगरात पोफळींच्या कडेला ऊन पडतं, तिथे 'यलो पेअर' आहे. फळ इवलंसं, पण घोसच्या घोस लागतात. शिमगा आला की मात्र फुलं गळायला लागतात. रात्रीचा पारा २१-२२ अंशांखाली उतरेनासा झाला की परागकण नीट धरत नाहीत. तुमचं काय? चवीबद्दल खरं लिहा, नुसतं कौतुक नको.

रत्नागिरी
ताई, चवीपर्यंत पोचायला झाड जगायला हवं! आमच्याकडे मर रोग. हिरवंगार झाड भर दुपारी मान टाकतं आणि चार दिवसांत संपतं. खोड कापून पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात धरून बघा. दुधट धागा उतरला तर जिवाणूंची मर समजा, मग त्या वाफ्यात टोमॅटो नको, वांगं नको, मिरचीही नको. 'अर्का रक्षक' हा टोमॅटो या रोगाला दाद देत नाही, पण तो संकरित आणि लाल. म्हणून पिवळे आम्ही जमिनीत लावतच नाही. गच्चीवर पिशव्यांत नवी माती, कुजलेलं शेणखत आणि नारळाचा भुसा घालून लावतो. आधाराला कामठ्या, बांधायला सुंभ.

मालवण
माका पिवळो टोमॅटो आधी कच्चोच वाटलो. आवशीन सार केल्यान, तर घो म्हणता, "ह्यां काय, आमटी?" सारात मजा नाय. कापून वर मीठ घालून खावा, थयसर तो खरो.

श्रीवर्धन
फळाचं बूड काळं पडतंय का? एक दिवस भरपूर शिंपण आणि मग दोन दिवस कोरडं, असं करू नका. पाण्याची ओढाताण झाली की फळाला चुना (कॅल्शियम) पोचत नाही.

दापोली
मालवणच्या ताईंशी सहमत. पिवळ्यात लाल रंगाचं लायकोपीन जवळजवळ नसतं, पण म्हणून आंबटपणा कमी असतोच असं नाही, तो वाणावर ठरतो. आमचा गोडसर आहे. तसंही आंबटासाठी आपल्याला टोमॅटो हवाय कुठे? आमसूल आहे, कैरी आहे, बिंबल आहे. पिवळा कोशिंबिरीत घालावा, ओलं खोबरं आणि हिरवी मिरची लावून.

बियांचं म्हणाल तर पूर्ण पिकलेल्या फळाचा गर दोन-तीन दिवस भांड्यात आंबवायचा, मग बी धुऊन सावलीत वाळवायचं. टोमॅटोचं फूल बहुधा आपल्याच परागावर फळतं, त्यामुळे वाण टिकतं. पिवळ्याच्या बियांतून लाल फळ आलं तर शेजारच्या लाल झाडाशी संकर झालाय किंवा बियांत भेसळ झालीय असं समजा.

देवगड
पिवळं फळ कच्चं समजून वानरं सोडून देतात, असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. आम्ही रंग फिरायला लागला की तोडतो आणि घरात टोपलीत पिकवतो. चवीत फारसा फरक पडत नाही. बोटाला किंचित दबलं, बुडाशी केशरट झाक आली की खायचं.

गुहागरच्या ताई, 'यलो पेअर'चं बी पोस्टाने पाठवाल का?