मॉडेल बांधताना शिकलेली आणि टेबलाबाहेरही खरी ठरलेली एखादी गोष्ट सांगाल का?

प्रश्न – तीनचाकी

गेली अकरा वर्षे मी प्लॅस्टिकची किट बांधतो आहे, त्यांतली बहुतेक १/७२ प्रमाणातील, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या लांबीची विमाने आहेत. गेल्या आठवड्यात एक जेट पूर्ण झाले. त्याला नाकाखाली एक आणि पंखांखाली दोन अशी तीन चाके आहेत. रंग, डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हे) आणि शेवटचा बिनचमकीचा मॅट थर हे सारे मनाजोगते उतरले होते, पण चाकांवर ठेवताच ते हळूच मागे कलले आणि शेपटीवर बसले. नाकात वजन भरायचे राहून गेले होते. सूचनापत्रिकेच्या दुसऱ्याच पायरीत, धडाचे दोन भाग जोडण्यापूर्वी पाच ग्रॅम वजन भरावे असे चित्रासह छापलेले आहे. ती पायरी माझ्या नजरेतून सुटली असेही म्हणता येत नाही, कारण त्या चित्राभोवती पेन्सिलीचे वर्तुळ मीच काढले होते. शेजारी उभी असलेली माझी सहा वर्षांची मुलगी म्हणाली, "बाबा, ते दमलं असेल."

त्या रात्री मला एक गोष्ट नीट कळली. एखादी बाब महत्त्वाची आहे हे ओळखणे आणि तिची वेळ असेल तेव्हा ती करणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि पहिले केले की दुसरेही झाले असे मन स्वतःला पटवून देते. तेव्हापासून वजनाची गोळी मी धडाच्या अर्ध्या भागातच चिकटपट्टीने लावून ठेवतो, म्हणजे ती हाताळल्याखेरीज पुढे जाताच येत नाही. ऑफिसातही आता महत्त्वाचे कागद यादीत लिहून न थांबता मी ते दाराच्या कडीला अडकवू लागलो आहे.

तुमच्या टेबलाने तुम्हाला असे काही शिकवले आहे का? "संयम आला" एवढ्यावर कृपया थांबू नये. नेमके काय बिघडले, ते का बिघडले आणि ते ज्ञान पुढे कुठे कामी आले, हे वाचायला मला आवडेल. शिवाय धड उघडल्याशिवाय हे विमान वाचवता येईल का, हेही कोणी सांगितले तर फार बरे होईल.

उत्तर – चिमटा

माझा धडा हरवलेल्या तुकड्यांचा आहे. चिमट्यातून निसटलेला तीन मिलिमीटरचा तुकडा कुठे जातो हा आपणा सर्वांचा प्रश्न असतो, पण तो निसटतो का, याचा विचार मी कितीतरी वर्षे केला नव्हता. गोल तुकडा चिमट्याच्या दोन गुळगुळीत टोकांत जितका घट्ट दाबावा तितका तो बाहेर ढकलला जातो, आणि भीतीपोटी आपण तो आणखी दाबतो. हलक्या हाताने धरलेला तुकडा फार तर टेबलावर पडतो. घट्ट धरलेला मात्र खोलीच्या दुसऱ्या टोकाला जातो.

पडल्यानंतरचा क्रम मी आता ठरवून टाकला आहे. आधी जागचे हलायचे नाही, कारण असे तुकडे बहुधा शोधणाऱ्याच्याच पायाखाली चिरडले जातात. मग स्वतःचे कपडे तपासायचे, कारण काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण आपल्यासाठीच केलेली आहे, आणि अर्धेअधिक तुकडे मला दुमडलेल्या बाहीत किंवा मांडीवरच्या घडीत सापडलेले आहेत. त्यानंतर दिवे घालवून बॅटरी जमिनीला टेकवून आडवी फिरवायची, म्हणजे तुकडा स्वतः दिसला नाही तरी त्याची लांब सावली दिसते. एवढे करूनही न मिळाल्यास व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीच्या तोंडावर जुना पातळ मोजा ताणून बांधायचा आणि मग जमीन झाडून घ्यायची.

मी हिशेब विभागात काम करते. एकदा वर्षअखेरीच्या ताळेबंदात फरक निघाला आणि विभागातल्या पाचही जणांनी आपापल्या नोंदी दुरुस्त करायला सुरुवात केली. मी सर्वांना थांबवले, आणि शोध पूर्ण होईपर्यंत एकही आकडा बदलायचा नाही असे ठरवून घेतले. फरक एकाच उलट्या आकड्याचा निघाला, परंतु तोवर त्यावर तीन "दुरुस्त्या" चढलेल्या होत्या आणि त्या सोडवण्यातच दुपार गेली. त्या दिवशी मला आठवत होती ती शोधताना माझ्याच पायाखाली चिरडलेली मॉडेलची एक नळी.

उत्तर – ओला डिकल

मी शाळेत गणित शिकवतो, आणि माझ्या शिकवण्यातील सर्वांत मोठा बदल डिकल मऊ करणाऱ्या द्रावणामुळे झाला, हे मी पूर्ण गांभीर्याने लिहीत आहे.

ज्यांनी ते वापरलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. डिकल पाण्यात भिजवून पृष्ठभागावर सरकवल्यानंतर त्यावर हे द्रावण लावले की त्याचा पातळ पापुद्रा मऊ पडतो, फुगतो आणि त्याला भयानक सुरकुत्या येतात. पहिल्या खेपेस पाहणाऱ्याला वाटते की सारे संपले. प्रत्यक्षात नेमकी हीच अवस्था आवश्यक असते, कारण असा मऊ झालेला पापुद्रा सुकताना आकसत जातो आणि पत्र्यांच्या सांध्यांच्या बारीक रेघांत, रिव्हेटांच्या खड्ड्यांत बसतो. या वेळात त्याला बोट लावले तर तो फाटतो, आणि न लावले तर दुसऱ्या दिवशी तो रंगानेच काढल्यासारखा दिसतो. माझी पहिली दोन विमाने मी सुरकुत्या सरळ करण्याच्या नादात घालवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

किटचे तुकडे जोडणाऱ्या सिमेंटचेही असेच आहे. पॉलिस्टायरीनचे, म्हणजे किटच्या प्लॅस्टिकचे, सिमेंट चिकटवत नाही, ते दोन्ही कडा विरघळवून एकमेकींत मिसळवते, म्हणून सांधा एकजीव होतो. त्यात बोटाचा ठसा उमटला आणि तो लगेच पुसला, तर आपण मऊ प्लॅस्टिकच पुसून नेतो. तो ठसा तसाच ठेवावा, एक-दोन दिवस पूर्ण कडक होऊ द्यावा आणि मग चारशे-सहाशे नंबरच्या पॉलिश पेपरने घासून काढावा. चूक ओली असताना दुरुस्त होत नाही, ती आधी वाळावी लागते.

आता वर्गातील गोष्ट. फळ्यापाशी आलेली मुलगी उदाहरणाच्या मध्यावर अडखळते, आकडे वेडेवाकडे मांडते, खोडते, आणि मी पूर्वी तत्काळ खडू हाती घेत असे. मला वाटे की मी मदत करतो आहे. एके दिवशी तिच्या फळ्यावरील तो पसारा पाहताना मला त्या सुरकुत्या आठवल्या आणि मी हात मागे बांधून उभा राहिलो. तिला चार मिनिटे लागली. तिने स्वतःच आपली चिन्हाची चूक शोधली, आणि ती चूक तिने त्या वर्षी पुन्हा केली नाही. सगळ्याच मुलांना असे सोडून चालत नाही. काही डिकल मुळातच वेड्या जागी बसलेले असतात आणि ते मऊ पडण्यापूर्वी पाण्याचा थेंब सोडून सरकवावे लागतात. हात कधी लावायचा आणि कधी मागे घ्यायचा, हे ओळखायला मला अजूनही वेळ लागतो.

उत्तर – कोरा खोका

थांबण्याचे एवढे कौतुक वाचून दुसरी बाजू मांडावीशी वाटते. माझ्याकडे "हात बसल्यावर बांधू" म्हणून राखून ठेवलेले एक किट होते. वीस वर्षांनी ते उघडले तेव्हा डिकल पिवळे पडले होते, आणि मऊ व्हिनाइलचे टायर ज्या प्लॅस्टिकला टेकून होते तिथे त्यांतील रसायनाने चाकांच्या कडा वितळवल्या होत्या. झाकली मूठ सव्वा लाखाची असेल, पण झाकलेला खोका आतून बदलत असतो. पिवळे डिकल पारदर्शक पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला चिकटवले तर काही दिवसांत बरेच उजळतात. चाके मात्र मला नव्याने करावी लागली. त्या आठवड्यात मी दोन जुन्या मित्रांना फोन केले.

उत्तर – एक मीटर

माझे सांगणे नजरेच्या अंतराविषयी आहे.

१९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने शाळांतील मुलांकडून विमानांची पाच लाख लाकडी मॉडेले करवून घेण्याची मोहीम हाती घेतली होती. ती १/७२ प्रमाणात होती आणि सैनिकांना आपले विमान व शत्रूचे विमान ओळखायला शिकवण्यासाठी वापरायची होती. या प्रमाणात दहा मीटरवरून पाहिलेले मॉडेल सातशेवीस मीटरवरील खऱ्या विमानाएवढे दिसते, त्यामुळे तिथे एकच गोष्ट निर्णायक होती, ती म्हणजे बाह्याकृती. पंखाचा कोन चुकला तर मॉडेल निरुपयोगी ठरे. आतली आसने असली काय आणि नसली काय, सारखेच होते.

हा हिशेब मी आपल्या टेबलालाही लावून पाहिला. एक मीटरवरून १/७२ चे विमान पाहणे म्हणजे खऱ्या विमानापासून बहात्तर मीटरवर उभे राहणे होय, आणि ०.१ मिलिमीटरची सांध्याची फट खऱ्या विमानावर सात मिलिमीटरहून रुंद ठरते. म्हणजे फट बुजवलीच पाहिजे, पण बहात्तर मीटरवरून जे कोणालाच दिसणार नाही त्यासाठी तीन आठवडे घालवायचे की नाही, हा निर्णय मॉडेल कोणासाठी आहे यावर सोडावा.

माझे सासरे अनेक वर्षे मालवाहू जहाजांवर इंजिनियर होते. त्यांच्या पंचाहत्तरीला त्यांच्या जुन्या जहाजासारखे एक जहाज १/३५० मध्ये बांधून द्यायचे मी ठरवले, आणि कठड्यांच्या केसासारख्या तारा ओढण्यात दोन महिने घालवले. त्यांची दृष्टी अधू झालेली आहे. त्यांनी मॉडेल हातात घेतले आणि डेकवरून बोट फिरवत ते काहीतरी शोधू लागले. त्यात कठड्याच्या दोन तारा तुटल्या, आणि त्यांना ते कळलेही नाही. ते इंजिनरूमकडे उतरणारे दार शोधत होते. ते दार, जेमतेम पाच मिलिमीटर उंचीचे, मी डिकलने नुसते दाखवून सोडले होते. बोटाला ते लागेना. मी जहाज परत घेतले, प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीतून दार कापून उठावदार बसवले आणि चौकटीला ओठासारखी उंच कड दिली. पुढच्या भेटीत त्यांनी ते पहिल्याच प्रयत्नात शोधले आणि बोट तिथेच ठेवून बराच वेळ बोलत बसले. तुटलेल्या तारा मी पुन्हा लावलेल्या नाहीत. आता कोणासाठी काहीही करायला घेण्याआधी मी विचारतो, यात तुम्ही सर्वांत आधी काय शोधाल?

उत्तर – जुना सांधा

मूळ विमानाबद्दल कोणीच लिहिलेले दिसत नाही, म्हणून लिहितो. ते वाचते. पुढच्या चाकाच्या कप्प्याच्या नाकाकडील भिंतीला तीन मिलिमीटरचे छिद्र पाडा. त्याआधी नाकावर मळलेली माती थोडी थोडी लावत जा आणि विमान पुढे झुकले की ती माती तोलून घ्या, म्हणजे किती वजन हवे ते कळेल. माती टोकावर असते आणि वजनासाठी आत भरायचे छर्रे थोडे मागे बसतात, म्हणून तोललेल्यापेक्षा थोडे जास्त भरा. छर्रे छिद्रातून सोडून विमान नाकावर उभे करा आणि इपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारा गोंद) दोन-तीन वेळा थोडे थोडे ओता, कारण एकदम जास्त ओतल्यास ते कडक होताना तापते आणि पातळ प्लॅस्टिक वाकू शकते. शिशाचे छर्रे पांढऱ्या गोंदात मात्र कधीही बसवू नका. काही वर्षांत त्या शिशावर क्षार धरतो, तो फुगतो आणि सांधा आतून फोडतो. माझे एक रेल्वे इंजिन असे सहा वर्षांनी उलले, आणि तोवर मी ते निर्दोष समजत होतो. शक्यतो पोलादी छर्रे घ्या.

प्रश्नकर्ता – तीनचाकी

काल रात्री तसेच केले. पाचऐवजी सात ग्रॅम लागले, कारण शेपटीकडे मी धातूचे नळकांडे जास्तीचे बसवले होते आणि सूचनापत्रिकेला त्याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. पोलादी छर्रे वापरले. विमान तीनही चाकांवर उभे आहे. छिद्राभोवती रंगाचा एक टवका गेला आहे, तो इपॉक्सी पूर्ण कडक झाल्यावर रविवारी बुजवेन. तोवर मुलीलाही हात लावू नकोस असे सांगितले आहे, आणि ती सध्या टेबलापाशी हात मागे बांधून उभी राहते.