जर्मनीचं चान्सनकार्ड की ब्लू कार्ड? चाकणची नोकरी सोडू का?

चाकण_सेकंडशिफ्ट
नमस्कार मंडळी. वय ३४, मेकॅनिकल बीई, पुणे विद्यापीठ. चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला नऊ वर्षं झाली. बायको, चार वर्षांचा मुलगा, मोशीत फ्लॅट आणि त्याचा हप्ता. जर्मनीचं खूळ डोक्यात आहे वर्षभर. परवा एका एजंटकडे गेलो तर म्हणतो चान्सनकार्ड (तिकडे जाऊन नोकरी शोधायचा परवाना) काढून देतो, फी अडीच लाख, तिकडे गेलं की महिन्याभरात जॉब आणि फॅमिली लगेच बोलवायची. जर्मन म्हणाल तर यूट्यूबवर ए१ चे (ए१ ते सी२ मधली पहिली पातळी) चार व्हिडिओ बघितलेत, बस. हे खरं आहे का? की इथूनच अप्लाय करत बसू? वडील म्हणतात पर्मनंट नोकरी सोडून कुठे निघालास.

नेकारकाठचा
वडिलांचं ऐक, निदान निम्मं तरी.

मी स्टुटगार्टजवळ सहा वर्षं आहे. पहिलं म्हणजे फॅमिलीचं साफ खोटं सांगितलंय, चान्सनकार्डवर (इकडे म्हणतात शांसनकार्टे) बायको-मुलाला डिपेंडंट म्हणून आणता येत नाही. ते कार्ड जॉब शोधायला, एक वर्षासाठी. जून २०२४ पासून सुरू झालंय. आठवड्याला २० तास पार्टटाइम चालतं, पण ते चालतं म्हणजे मिळतंच असं नाही.

आता कार्डासाठी लागणारे ते पॉइंट, ज्याचे तुझ्याकडून अडीच लाख मागतोय. बोटावर मोज. ३५ च्या आत वय, २. गेल्या सात वर्षांत पाच वर्षं आपल्याच फील्डमध्ये काम, ३. इंजिनिअर टंचाईच्या यादीत येतात, १. झाले सहा, आणि लागतात सहाच. फक्त पात्रतेला जर्मन ए१ किंवा इंग्रजी बी२ चं सर्टिफिकेट हवं, चार व्हिडिओ नाही. आणि ३५ कधी पूर्ण होतात ते बघ, त्यानंतर वयाचा एकच पॉइंट मिळतो, मग इंग्रजी सी१ किंवा जर्मन ए२ करून तो भरून काढावा लागेल.

खरा खर्च पुढे आहे. २०२५ च्या हिशोबाने महिन्याला १,०९१ युरो, वर्षाचे १३,०९२, ब्लॉक्ड अकाउंटला दाखवायचे. म्हणजे तेरा लाखांच्या घरात. पैसे तुझेच असतात, दर महिन्याला हातात येतात, पण मोशीचा हप्ता कोण भरणार?

मिरजेची_लाइपझिगात
दादा थोडं वेगळं सांगते, मी ह्याच कार्डवर आले. इलेक्ट्रिकल, एकटीच, नवरा नाशिकला. सात महिने लागले, त्यातले चार गोदामात खोकी उचलली. पण भारतातून दोनशे अर्ज टाकले होते तेव्हा कोणी फोनसुद्धा केला नव्हता आणि इथे आल्यावर लोक समोर बसवून बोलले, कार्डवर दोन आठवडे ट्रायल काम करता येतं, त्यातूनच माझं जमलं. मग इथूनच ब्लू कार्ड (नोकरीची ऑफर असली की मिळणारा परवाना) झालं, परत जावं लागलं नाही. तेव्हा कार्ड वाईट नाही, पण माझं बी१ झालेलं होतं आणि डोक्यावर हप्ता नव्हता. तुमच्या जागी असते तर आले नसते.

आणि डिग्री आधी आनाबिनवर (परदेशी डिग्र्यांची जर्मन सरकारी यादी, ऑनलाइन) बघा. कॉलेज एच प्लस (म्हणजे मान्यताप्राप्त) आणि डिग्री समतुल्य दिसली तर प्रिंट काढायची, झालं. नाही दिसली तर झेडएबीचं (परदेशी डिग्र्या तपासणारं सरकारी ऑफिस) स्टेटमेंट, २०८ युरो. एजंट ह्याचेही वेगळे पैसे लावतात.

अण्णा_कोथरूड
ते महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ ला जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी करार केला होता ना, १०,००० लोक पाठवायचे, त्यात घुस की.

नेकारकाठचा
अण्णा, तो नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशा ट्रेडसाठी, ह्याच्यासारख्या इंजिनिअरचं त्यात काम नाही.

सेकंडशिफ्ट, तुझा रस्ता ब्लू कार्डचा. हातात ऑफर लागते, टंचाईच्या पेशाला २०२५ ला वर्षाला ४३,७५९ युरो पगाराची अट होती, २०२६ ला ४५,९३४ झाली. हा आकडा टॅक्सच्या आधीचा, हातात महिन्याला अडीच हजाराच्या आसपास पडतात, आणि घरभाडं सांगताना कोल्ड सांगतात की हीटिंग धरून वार्म ते आधी विचार नाहीतर माझ्यासारखा फसशील. पण ह्यावर बायको-मुलगा येतात, बायकोला ए१ ची अट नाही, आल्या दिवसापासून ती नोकरी करू शकते. पीआर २७ महिन्यांत, बी१ असेल तर २१.

एक कडू गोष्ट, ऑटोवाल्यांची इथे वाट लागलीय. फोक्सवॅगनने डिसेंबर २०२४ ला युनियनशी करार केला, २०३० पर्यंत ३५,००० पदं कमी करायची. तेव्हा फक्त कारच्या मागे लागू नकोस, क्वालिटीचा माणूस मेडिकल उपकरणं, रेल्वे, पंप-व्हॉल्व्ह सगळीकडे लागतो. आणि ह्या मधल्या कंपन्यांमध्ये शॉपफ्लोअरवर जर्मनच चालतं. सप्लायरचा माल रिजेक्ट केला तर तो का केला हे फोरमनला इंग्रजीत सांगणार का?

अजून एक, सीव्हीवर इंजेनिअर लिहू नकोस, ती पदवी इथे कायद्याने राखीव आहे, परवानगीशिवाय लावता येत नाही. काम तेच कर, नुसतं क्वालिटी स्पेशालिस्ट लिही.

चाकण_सेकंडशिफ्ट
बापरे, डोळे उघडले. फॅमिलीचं ऐकून बायको म्हणाली मग विषय संपला. बोट क्लब रोडला मॅक्सम्युलर भवनात चौकशी केली, वीकेंड बॅच बघतोय, फर्स्ट शिफ्ट मागून घेतो. बी१ पर्यंत नोकरी सोडत नाही. ताई, आनाबिनवर कॉलेज शोधायचं की विद्यापीठ?

मिरजेची_लाइपझिगात
विद्यापीठ. डिग्रीवर ज्याचं नाव आहे ते.

चाकण_सेकंडशिफ्ट
सापडलं, एच प्लस. एजंटचा आत्ताच फोन येऊन गेला, दोन लाखांवर आलाय.