कनेक्शन्स: 'वन अवे'च्या फेऱ्यातून सुटायचं कसं?

रिकामटेकडी:
न्यूयॉर्क टाइम्सचं कनेक्शन्स हे शब्दकोडं रोज खेळणारं कोणी आहे का इथे? सोळा इंग्रजी शब्द, त्यातून एकमेकांशी नातं असलेल्या शब्दांचे चार-चारचे चार गट, चौथी चूक झाली की खेळ खलास. पिवळा-हिरवा हे सोपे गट सुटतात, पण उरलेल्या आठ शब्दांत 'वन अवे' (एकच शब्द चुकला), 'वन अवे' करत सगळ्या चुका संपतात. सगळ्यात अवघड जांभळा गट तर फक्त शेवटी उरला तरच मिळतो. काही पद्धत आहे की नुसता मटका?

खडूस_मास्तर:
पद्धत आहे. चार शब्द जुळले की लगेच सबमिट दाबू नका, आधी पाचवा शोधा. कोडं यंत्र नाही, वायना लिऊ या संपादक रचतात, आणि एका गटात पाच-सहा शब्द बसतील असा सापळा मुद्दाम लावलेला असतो.

समजा बास, पर्च, पाइक, स्केट, सोल दिसले. पाचही मासे. पाचातून चार निवडायचे पाच प्रकार, म्हणजे आंधळेपणाने दाबलंत तर पाचात एक संधी. 'वन अवे' आलं तरी चार शक्यता उरतात आणि हातात तीनच चुका, त्यातली तिसरी झाली की बाहेर. त्यापेक्षा मासे तसेच ठेवून बाकीच्या अकरा शब्दांकडे बघा. तिथे हील, टंग, लेस आहेत आणि बुटाचा चौथा भाग कुठेच नाही. सोल तिकडे गेला, मासे बरोब्बर चार उरले. तात्पर्य, तीनवर अडलेला गट आधी हुडकायचा, ओसंडून वाहणारा नंतर.

घाई तर अजिबात नको. बीबीसीच्या 'ओन्ली कनेक्ट' या प्रश्नमंजूषेतल्या अशाच सोळा शब्दांच्या भिंतीला अडीच मिनिटं मिळतात, इथे घड्याळच नाही.

सोलकढी:
मास्तरांना +१. 'वन अवे' म्हणजे तीन बरोबर, एक चूक. तेव्हा पुढच्या खेपेला एकच शब्द बदला. दोन बदललेत तर ती खेप हमखास वाया. आणि 'वन अवे' आलंच नाही, तर चारपैकी जास्तीत जास्त दोनच एका गटातले आहेत. अशा वेळी शब्द अदलाबदल करत बसू नका, गटाची कल्पनाच सोडून द्या.

जांभळ्यात अर्थ बहुधा कामाचा नसतो, शब्दाचं रूप बघावं लागतं. नेहमीचे प्रकार:
– आधी किंवा नंतर एकच शब्द जोडायचा: वर्क्स, फ्लाय, प्लेस, मॅन, सगळ्यांच्या आधी फायर.
– उच्चार सारखा, स्पेलिंग वेगळं. इथे आपली चैन आहे: शब्द देवनागरीत लिहा. 'जिंकला' या अर्थाचा वन आणि आकड्यातला वन एकच दिसतात, 'खाल्लं'मधला एट आणि आठचा एटही.
– पोटात दडलेला शब्द. इथे मात्र देवनागरी दगा देते, स्पेलिंगच बघा: स्कार्फमध्ये कार, व्हॅनिटीत व्हॅन, टॅक्सिंगमध्ये टॅक्सी, बिझीमध्ये बस.

एखादा शब्द कुठेच बसत नसेल, विचित्र वाटत असेल, तर तो बहुतेक जांभळ्यातला. त्याच्यापासूनच सुरुवात करा.

रिकामटेकडी:
बिझीमध्ये बस! हे बापजन्मी सुचलं नसतं. पण अमेरिकन संदर्भांचं काय? तिथले खेळ, दुकानं, टीव्हीवरची माणसं...

तिरपी_रेघ:
ते पाठ करण्यात अर्थ नाही, तो गट शेवटी उरवायचा. अपवाद वारंवार येणाऱ्या मालिकांचा. एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या ज्या संघांच्या नावाला शेवटी एस लागत नाही ते चारच: जॅझ, हीट, मॅजिक, थंडर. आयताच गट! यातले दोन एकत्र दिसले की बाकीचे दोन आहेत का ते बघा. नसतील तर संगीत किंवा हवामान धरून चला.

आणि शब्दांच्या जागा बदलणारं शफलचं बटण वापरत जा. सुरुवातीची मांडणीही फसवी असते, फसवणारे शब्द शेजारी-शेजारी बसवलेले सापडतात. अगदीच अडलं तर उत्तर उघडू नका. कोणाला तरी प्रत्येक गटातला एकेकच शब्द सांगायला सांगा. सापळ्यातला पाचवा कुठला ते बऱ्याचदा तेवढ्यावर कळतं.