बाळंतपणाच्या रजेवरून परतलो आणि नोकरी गेली (न्यू जर्सी), सल्ला हवा

एडिसनकर: मंडळी, बाळ झालं म्हणून एफएमएलएची (अमेरिकेतला कौटुंबिक आणि आजारपणाच्या रजेचा कायदा) रजा घेतली होती. रुजू झालो आणि थोड्याच दिवसांत एचआरने सांगितलं, तुमची पोझिशन रद्द झाली. माझं काम मात्र टीममधल्या दुसऱ्याकडे गेलंय. एच-१बीवर (कंपनीमार्फत मिळणारा कामाचा व्हिसा) आहे, वय ४२. सेव्हरन्सच्या (नोकरी जाताना मिळणाऱ्या पैशांच्या) कागदावर ५ दिवसांत सही करा म्हणतात. अ‍ॅट-विल असल्यामुळे हातात काहीच नाही का? वकील कुठल्या प्रकारचा बघू?

टोमणे_सम्राट: अ‍ॅट-विल म्हणजे वाटेल तेव्हा नारळ. पैसे घ्या, सही करा, पुढची नोकरी बघा.

बोस्टनवाली: सही अजिबात करू नका! मोंटाना सोडलं तर सगळीकडे अ‍ॅट-विलच आहे, कारण न देता काढता येतं. पण कायद्याने मनाई केलेल्या कारणासाठी काढता येत नाही, आणि एफएमएलएची रजा घेतली म्हणून काढणं त्यातच येतं. पोझिशन रद्द झाली तर काम कोण करतंय? वकिलाला हे आधी सांगा. शिवाय चाळिशीपुढच्या माणसाकडून वयाच्या भेदभावाचा दावा सोडून घ्यायचा तर विचाराला किमान २१ दिवस आणि सहीनंतर माघारीला ७ दिवस द्यावे लागतात. एकदम अनेकांना काढलं असेल तर ४५. ५ दिवस ही निव्वळ घाबरवाघाबरवी.

सातारी_कंदी: सरकारच्या ईईओसीकडे तक्रार टाका की.

बोस्टनवाली: ते भेदभावासाठी. एफएमएलएची तक्रार लेबर खात्याच्या वेज अँड अवर डिव्हिजनकडे जाते, नाहीतर थेट कोर्टात. दाव्याची मुदत २ वर्षं, कंपनीने जाणूनबुजून केलं असेल तर ३. शोधताना फक्त कर्मचाऱ्यांच्या बाजूने लढणारा एम्प्लॉयमेंट वकील बघा. बरेच जण जिंकल्यावर टक्केवारी घेतात, पहिल्या भेटीतच विचारून घ्या.

मिलिंद_जर्सी: कोर्टाला वेळ आहे, व्हिसाला नाही. नोकरी गेल्यावर इथे राहायला जास्तीत जास्त ६० दिवस, आय-९४ (राहण्याची मुदत दाखवणारी नोंद) आधी संपत असेल तर तेवढेच. मोजणी साधारणपणे शेवटच्या पगारी दिवसापासून, सेव्हरन्समुळे ती लांबत नाही. तेवढ्यात नव्या कंपनीने एच-१बीचा अर्ज भरायला हवा, नाहीतर तुम्ही स्टेटस बदलाचा (दुसऱ्या प्रकारच्या व्हिसावर राहण्याचा) अर्ज. इमिग्रेशन वकील वेगळा करा, कंपनीचा वकील कंपनीचाच असतो. व्हिसाची मुदत संपण्याआधी काढलंय, तेव्हा परतीच्या प्रवासाचा तुमचा वाजवी खर्चही त्यांच्यावर येतो (कुटुंबाचा नाही). आणि घरात तान्हं बाळ आहे, आधी इन्शुरन्स बघा. कोब्रा (जुन्या कंपनीचाच विमा स्वतः हप्ते भरून चालू ठेवणं) निवडायला ६० दिवस मिळतात, हप्ते भरले की कव्हर मागच्या तारखेपासून धरतात. महाग आहे, पण खंड पडत नाही.

एडिसनकर: खूप आभार. चांगले रिव्ह्यू सगळे कंपनीच्या लॅपटॉपवर आहेत. परत करण्याआधी स्वतःला मेल करून ठेवू?

बोस्टनवाली: नको, तेच तुमच्यावर उलटेल. कोण कधी काय म्हणालं ते आजच घरच्या वहीत तारखेनिशी लिहा. रिव्ह्यू जपून ठेवा असं पत्र कंपनीला वकील पाठवेल.