गाडीचे लिटर, घरातले युनिट

बाबा: या महिन्यात 150 युनिट वीज झाली. खोलीत कुणी नसताना पंखे फिरत असतात. लक्ष ठेवा सगळ्यांनी.

ताई: पंखे बंद करूच बाबा, पण गाडीकडेही बघा ना. महिन्यात 750 किलोमीटर, 50 लिटर पेट्रोल. एका लिटरमध्ये साधारण 9 युनिट ऊर्जा असते. म्हणजे 450 युनिट. विजेच्या तिप्पट!

दादा: ताई, इथे चुकतंय. मीटरवर दिसते ती तयार वीज. कोळसा जाळून जी उष्णता मिळते, तिच्या साधारण एक तृतीयांशाचीच वीज होते, बाकीची थंड करायच्या पाण्यातून आणि धुराड्यातून जाते. 150 युनिटसाठी तिकडे 450 युनिटचा कोळसा जळला.

ताई: हो, बरोबर. मी टाकीतलं इंधन आणि मीटरमधली वीज अशी तुलना केली. मग दोन्ही सारखंच की!

वहिनी: आपली सगळी वीज कोळशाची असेल तर. पाण्यावरची किंवा वाऱ्यावरची असेल तर इंधन जळतच नाही, मग तिप्पट कशाला करायची?

दादा: हो, तो हिशेब कोळशापुरताच.

आत्या: कार्बन डायऑक्साइडचं काय? एक लिटर पेट्रोलमधून 2.3 किलो निघतो असं वाचलं. पेट्रोलचं वजनच पाऊण किलो, मग एवढा कसा?

वहिनी: आत्या, पेट्रोलमधला कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो. जास्तीचं वजन त्याचं. 50 लिटरचे 115 किलो झाले.

बाबा: बरं, मग पंखा महत्त्वाचा की गाडी, ते सांगा.

ताई: 75 वॅटचा पंखा दहा तास चालला की पाऊण युनिट. कोळशात धरलं तर सव्वादोन. आपली गाडी लिटरला 15 किलोमीटर जाते. म्हणजे 15 किलोमीटरच्या एका फेरीत पंख्याचे चार दिवस जातात. गीझर मात्र पंख्यासारखा नाही हं, 2 किलोवॅटचा अर्धा तास लावला की एक युनिट. तिथे मी बाबांच्या बाजूने आहे.

दादा: आणि जवळच्या फेऱ्या! इंजिन गार असताना जास्त पेट्रोल पितं. कोपऱ्यावर जायला गाडी काढतो ते मला खरंच खटकतं.

आई: मग शनिवारी बँक, औषधं आणि आत्याकडे जाणं एकाच फेरीत करू. निघताना किलोमीटर लिहून ठेवा कुणीतरी.

बाबा: मी लिहितो. मीटरच्या वहीतच.