हक्कसोडपत्रावर नाटुकलं बसवलंय, पण शेवट काय करावा?

हापूसवाली (देवगड)

आमच्या बचतगटाच्या बायकांनी मिळून अर्ध्या तासाचं नाटुकलं बसवलंय. विषय हक्कसोडपत्र, म्हणजे बहिणीने माहेरच्या मिळकतीतला आपला वाटा सोडल्याचा कागद. बाप गेला की गणपतीला मुंबईहून भाऊ येतात, आरत्या होतात, भजन होतं, आणि विसर्जनाच्या आदल्या दिवशी बहिणीपुढे कागद येतो. "सही कर गो, माहेर काय तुटता काय?" ती म्हणते, "माका काय नको, दोन दिस येवक मिळाला म्हंजे झाला." कलमांची बाग, घराखालची जागा, सगळं एका सहीत.

आमच्या नाटकात शेवटी वकीलबाई येते, कायदा सांगते, बहीण पेन फेकून देते आणि टाळ्या पडतात. हळदीकुंकवाला प्रयोग केला तेव्हाही पडल्या. पण जिच्यावरून आम्हाला हे सुचलं ती नंतर कप विसळताना म्हणाली, "नाटकात बरा वाटता." तेव्हापासून माझ्या डोक्यात भुंगा लागलाय.

शेवट बदलावा का? आणि दुसरं, जत्रेत दशावताराच्या आधी देवळासमोर अर्धा तास मिळतोय. घ्यावा का? सगळा गाव असतो.

सड्यावरचा

घ्या की! एवढा प्रेक्षक फुकट कुठे मिळतो? माइकचं मात्र आधी विचारून ठेवा.

रत्नागिरीची आत्या

घेऊ नका. पुढच्या रांगेत भाऊ, चुलते, मानकरी बसलेले असताना कुठली बहीण तोंड उघडणार? ती पदर सावरून हसेल आणि घरी जाईल.

मी बरीच वर्षं पथनाट्यं करते. आमची पिढी 'मुलगी झाली हो' बघून यात पडली. १९८३ साली स्त्री मुक्ती संघटनेने ते सुरू केलं, लेखन ज्योती म्हापसेकरांचं. नेपथ्य नाही, पडदा नाही, गाणी म्हणत बायका गावोगाव फिरल्या. तेव्हा बाईने चौकात उभं राहून बोलणं हीच बातमी होती. आज तेवढ्याने भागत नाही. आज बाईला कायदा ऐकून माहीत असतो, पण भावाच्या तोंडावर कुठलं वाक्य बोलायचं ते सापडत नाही. तालीम हवी ती त्या वाक्याची.

म्हणून वकीलबाईला आधी काढा. नाटक बहिणीच्या सहीवर संपवा. ती हरते, बस्स. मग सूत्रधाराने पुढे येऊन सांगायचं की हेच परत पहिल्यापासून करतोय. जिला वाटेल इथे वेगळं वागायला हवं, तिने 'थांब' म्हणायचं आणि बहिणीच्या जागी येऊन उभं राहायचं. ही रीत ब्राझीलच्या ऑगस्तो बोआलची, फोरम थिएटर म्हणतात. बंगालमध्ये जन संस्कृती ही नाटकमंडळी १९८५पासून खेड्यांतून काम करतेय, पुढे त्यांनीही हीच रीत घेतली.

एका वाडीत हाच विषय केला. पहिली बाई उठली ती भांडायला. भावाने "आवशीची शपथ हा तुका" म्हटलं आणि ती गप्प बसली. दुसरी पन्नाशीची, मासे विकणारी. तिने पेन हातात घेतलं, कागद जवळ ओढला आणि म्हणाली, "आधी सातबारो वाचून दाखव. खयची जमीन, किती गुंठे, मोठ्यान वाच." आमचा 'भाऊ' अडकला, त्याच्याकडे सातबारा नव्हताच! तिसरीने तर "आता घरात गणपती हत, सहीचा दिवाळीत बघू" म्हणून सरळ वेळ काढला. मला हा सगळ्यात शहाणा डाव वाटला. शपथ मोडली नाही, सही केली नाही, माहेरपणही राहिलं. आम्ही चार जणी मिळून लिहीत बसलो असतो तरी हे सुचलं नसतं.

भावाचं काम करणारीने मात्र चटकन हार मानायची नाही. तिने खऱ्या भावाइतकंच गोड बोलायचं, खऱ्या भावाइतकंच रडायचं. जागा म्हणाल तर एखादं खळं, दुपारची जेवणं आटोपल्यावर.

हापूसवाली (देवगड)

आत्या, पटलं. पण मग पुरुषांनी बघायचंच नाही का? सही मागणारे तेच ना?

स्त्रीपार्टी

पुरुषांचं आमच्यावर सोडा. दशावतारात मी बाईची कामं करतो. आमच्याकडे संवाद लिहिलेले नसतात, आख्यान ठरतं आणि बोलायचं ते रंगमंचावर सुचतं. द्यूताच्या आख्यानात द्रौपदी सभेला विचारते की धर्मराज आधी स्वतःला हरला, मग मला पणाला लावायचा हक्क त्याला उरला कुठे? हा हक्काचाच सवाल आहे. तिथे मी एकदा "माझी सही कुणी घेतली होती?" असं टाकलं. बायका हसल्या, पुरुषांत चुळबुळ झाली. पौराणिक वेशात बोललेलं गाव ऐकून घेतं. तेच पॅंट-शर्टात बोलला असतात तर देवळात बैठक लागली असती.

कणकवलीची वकील

नाटकातली वकील काढा, पण खरी प्रयोगानंतर बसवा, कारण नेमके प्रश्न तेव्हाच येतात. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. ९ सप्टेंबर २००५च्या केंद्राच्या दुरुस्तीने तो फरक काढला. गावात अजून १९९४चाच कायदा सांगतात, "लगीन झाला मां, मग कसलो हक्क?" त्या तारखेला वडील हयात असायला हवेत असंही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये स्पष्ट केलंय. मात्र २० डिसेंबर २००४च्या आधी रीतसर वाटप झालं असेल तर ते उकरता येत नाही. वडिलांनी स्वतः घेतलेली जमीन असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर मुलीचा सारखा वाटा १९५६पासूनच आहे.

आणि नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र 'मन बदललं' म्हणून रद्द होत नाही. दबाव किंवा फसवणूक होती हे दिवाणी कोर्टात सिद्ध करावं लागतं. त्यामुळे ती मासेवाली बरोबर होती, सहीच्या आधी काय ते वाचा.

हापूसवाली (देवगड)

जत्रेला नाही म्हणून कळवलं. भावाचं काम माझी जाऊ करणार आहे. तालमीत इतकं गोड बोलली की बहीण झालेली पोरगी खरंच सही करून मोकळी झाली! आता एकच धाकधूक: 'थांब' म्हणायला कुणी उठलंच नाही तर?

रत्नागिरीची आत्या

पहिल्यांदा नाहीच उठत. सूत्रधाराने "शेजारणीशी बोला, तुम्ही असता तर काय केलं असतं?" म्हणून दोन मिनिटं सोडून द्यायची. जिथे आवाज चढेल तिथे जाऊन त्या बाईला बसल्या जागीच बोलतं करायचं, ओढून उभं करायचं नाही. आणि आपल्या गटातली कुणी आधीच पेरून ठेवू नका, वाडीत सगळ्यांना सगळं माहीत असतं.