रातकिडा वेगळा, सिकाडा वेगळा

तुम्ही टाकलेल्या किड्याच्या फोटोखाली कुणीतरी 'सिकाडा म्हणजे झाडावरचा रातकिडाच' असं लिहिलंय. आवाजावरून तसं वाटतं खरं, पण नातं फार लांबचं आहे. रातकिडा नाकतोड्याच्या गणातला, चावून खाणारा. सिकाडा ढेकूण, मावा, तुडतुडे यांच्या गणातला (हेमिप्टेरा), सोंड खुपसून झाडाचा रस पिणारा. रातकिडा पंखावर पंख घासतो. सिकाडाच्या नराच्या पोटाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना बरगड्यांसारख्या रेघा असलेले पडदे असतात. स्नायूंनी ते आत-बाहेर होतात आणि पोकळ पोटात आवाज घुमतो. माद्यांना हे पडदे नसतात.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी इंदूरजवळ रालामंडलला गेलो होतो, तेव्हा एका खोडावर सिकाडाची कात सापडली. पाठीवर उभी चीर, चिरेतून लोंबणारे पांढरे दोरे (श्वासनलिकांचं अस्तर, तेही कातीबरोबर निघतं) आणि पुढचे पाय खेकड्याच्या नांग्यांसारखे जाड, अजून माती लागलेले. जमिनीखाली मुळांचा रस पीत वर्षं काढायची तर असले पाय हवेतच. आमच्या चिरंजीवांनी ती शर्टाला ब्रोचसारखी लावून घरापर्यंत आणली, आजी किंचाळली.

फोटोवरून सिकाडा ओळखायचा तर डोकं बघा: दोन टपोरे डोळे एकमेकांपासून लांब आणि मधे कपाळावर तीन बारीक नेत्रक (साधे, ठिपक्यांएवढे डोळे). मिशा आखूड, केसासारख्या. रातकिड्याच्या मिशा लांबलचक असतात. तुमच्या फोटोत मिशा अंगाहून लांब दिसताहेत, म्हणजे तो रातकिड्यांच्या गोतातलाच.